डॉक्टर पुचे यांची टोपी

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या पुएर्तो अल्मेन्द्रो नगराच्या महापौर मान्यवर डोन्या बेल्सी बुएल्वास, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत ते करमणूक परवाना विभागाचे प्रमुख आणि सगळ्या गावाचे मानाचे 'डॉक्टर' एव्हेलिओ पुचे, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, हे देखणं सभागृह आज विनामोबदला देणारे त्यांचे मेहुणे डॉन आदाल्बेर्तो, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आणि समोर बसलेले माझे सभागृहमालक, कार्यक्रम भरवणारे, पिकोवाले, बारवाले, तिकीटवाले असे सगळे भाऊबंद आणि बहिणी.

माईक जरा खाली घ्या रे. माझ्या नवऱ्याचा आवाज उंच होता, मी नाही.

मी एदिल्सा मार्रुगो. तुमच्या संघटनेची अध्यक्ष. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गौरवपर चार शब्द' असं छापलंय. चार शब्दांत आटपणारी बाई मी नाही, हे डॉन आदाल्बेर्तोंना माहीत आहे, म्हणून त्यांनी मघाशीच माझ्या कानात सांगितलं की, वहिनी, सांकोचो तयार आहे, मंडळींना भूक लागलीय. मी म्हटलं, भाऊ, सांकोचो जितका उकळेल तितका चांगला. माणसांचंही तसंच असतं.

टेबलावर ही जी लाल फीत बांधलेली पेटी दिसते आहे, ती आपल्या संघटनेकडून डॉक्टरांना भेट. आत काय आहे म्हणून सकाळपासून मला सगळे विचारताहेत. सांगते, घाई नाही.

तर डॉक्टरांचे गुण. कुठून सुरुवात करू? पहिला गुण, त्यांना माणसांची नावं लक्षात राहतात. नाफेर आणि मी लग्नानंतर नवी नवी पिको उभी केली, 'एल पेलिकानो'. नाचाची गाणी वाजवायला आमच्या दाराइतका एकेक स्पीकर आणि त्यावर नाफेरच्या भावाने रंगवलेला पेलिकन पक्षी. परवान्यासाठी आम्ही डॉक्टरांच्या कचेरीत गेलो, तर ते खुर्चीतून उठले. मला म्हणाले, बस, मुली. आणि नाफेरला म्हणाले, तुझ्या बापाच्या पिकोवर मी नाचलोय. नाफेर घरी येईपर्यंत रडत होता. अशा माणसासाठी कोण जीव टाकणार नाही? पुढच्याच आठवड्यात नाफेरने त्यांच्यासाठी सलामी रेकॉर्ड केली.

सलामी म्हणजे काय हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. पण महापौर नव्या आहेत, शिवाय त्या डोंगराकडच्या, म्हणून सांगते. आमच्याकडे गाणं नुसतं वाजत नाही, गाण्याच्या मधेच पिकोवाल्याचा रेकॉर्ड केलेला आवाज घुमतो आणि आलेल्या माणसाचं नाव घेतो. ज्याचं नाव घुमलं त्याची छाती फुगते. प्रेमात पडलेली पोरं त्यासाठी दोन-दोन दिवस मागे लागतात. डॉक्टरांची सलामी सगळ्यांत गाजली. इतकी, की गावातल्या प्रत्येक पिकोवाल्याने ती आमच्याकडून उतरवून घेतली. आज डॉक्टर दारातून आत आले तेव्हा तुम्ही ती ऐकलीत. 'पुएर्तो अल्मेन्द्रोच्या गोरगरिबांचा दोस्त आलाय, जागा करा, डॉक्टर एव्हेलिओ पुचेंना एल पेलिकानोचा सलाम.'

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. डॉक्टरांनी हात उंच केला. तो आवाज माझ्या नाफेरचा होता. तो जाऊन पाच वर्षं झाली. आज ती सलामी वाजवा असं पिकोवाल्याला मीच सांगितलं होतं.

डॉक्टरांचा दुसरा गुण म्हणजे त्यांनी कुणाची गैरसोय होऊ दिली नाही. ते तपासणीला येत, पण चोरासारखे कधीच आले नाहीत. आधी निरोप यायचा. मग पुढच्या दारात पाऊल पडलं की सलामी. मग डॉक्टर गर्दीतून, हस्तांदोलनं करत, सरळ मागच्या दारापाशी. का? कारण नियमावलीत लिहिलंय की संकटकाळी बाहेर पडायचं दार उघडं असलं पाहिजे आणि अधिकाऱ्याने ते स्वतः पाहिलं पाहिजे. डॉक्टर नियमाचे पक्के. म्हणून तर आपल्याकडे प्रत्येक सभागृहात सांकोचोचं पातेलं मागच्या दाराशी ठेवायची पद्धत पडली. तिथेच खुर्ची, तिथेच वाडगा. दारातून वारा छान येतो. शेपटीचं मटण, कसावा, वर लिंबू. डॉक्टर तासभर दार तपासत बसायचे. वाडगा दुसऱ्यांदा भरला की त्या सभागृहात आणखी शंभर माणसं मावायला लागायची.

हसा, हसा. डॉक्टरही हसताहेत. ते दिलदार आहेत, हा तिसरा गुण.

आता तुम्ही सगळे धंद्यातले आहात. मला सांगा, डॉक्टर नसताना ते मागचं दार कसं असतं?

आता का बरं कुणी हसत नाही?

बरं, मीच सांगते. त्याला साखळी असते, बाहेरून, गल्लीच्या बाजूने. कारण आपल्या गावाला फुकट्यांचा शाप आहे. तिकीट काढून नाचणं हा इथे कमीपणा समजतात. पुढून शंभर जण आले की मागून साठ घुसतात. म्हणून साखळी, कुलूप आणि गल्लीत स्टुलावर बसलेला एक माणूस, किल्ली त्याच्या गळ्यात. त्याला आतलं काही दिसत नाही, पण पिको गल्लीत काय, अर्ध्या गावात ऐकू येते. डॉक्टरांची सलामी ऐकली की तो उठतो, कुलूप काढतो, साखळी आतल्या खिळ्याला अडकवतो आणि दार सताड उघडतो. डॉक्टर निघून गेले की पुन्हा साखळी. पिकोवाल्यापासून भांडी घासणारीपर्यंत ही रीत सगळ्यांना ठाऊक. कुणी कुणाला शिकवली नाही. सलामी हीच त्या दाराची किल्ली होती.

डॉन आदाल्बेर्तो, बसा तुम्ही. पाणी नको मला. अध्यक्षांनी मला बोलायला उभं केलंय, त्यांनी थांबवलं की थांबेन. महापौर, थांबू का?

आभारी आहे.

कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी आपल्याकडे शाळकरी पोरांचा दुपारचा नाच असतो. दारू नाही, सिगारेट नाही, आया निर्धास्त. सात वर्षांपूर्वी तो 'ला पाल्मा' सभागृहात होता आणि पिको आमची होती. माझी योलेदा सोळा वर्षांची. तिने माझ्याच जुन्या पिवळ्या झग्याचा घागरा शिवून घेतला होता आणि कमरेत सैल होतो म्हणून मी तो चार ठिकाणी टाचला होता. डॉक्टर त्या दुपारी तिथे नव्हते. पोरांच्या नाचाला कोण सांकोचो करतंय?

छताला ताडाची झावळी म्हणून प्लास्टिक लावलं होतं. कार्यक्रम भरवणाऱ्याने केकवर लावतात तसली ठिणग्यांची कारंजी आणली होती, म्हणे ती थंड असतात. ती पेटवली. छत पेटलं. पुढच्या दारात एकच झुंबड उडाली. मोठ्या पोरांनी लहानांना मागे वळवलं, कारण मागेही दार आहे हे पोरांना ठाऊक होतं. त्यांच्या पुढे माझी योलेदा होती.

नाफेर पिकोपाशी होता. साखळी बाहेर आहे, किल्ली बाहेर आहे, हे त्याला माहीत होतं. धूर इतका की त्याला हातातली तबकडी दिसेना. त्या माणसाला एकच गोष्ट सुचली, आणि आपल्या धंद्यातल्या माणसालाच ती सुचावी. त्याने डॉक्टरांची सलामी लावली. गोरगरिबांचा दोस्त आलाय, जागा करा. पुन्हा लावली. वीज जाईपर्यंत तो ती लावत राहिला. रेकॉर्ड अडकली तेव्हा माईक हातात घेऊन तेच शब्द तो तोंडाने ओरडला.

स्टुलावरचा माणूस कोपऱ्यावर ढोलवाल्यांची मिरवणूक बघायला गेला होता.

वीस मुलं गेली. त्यांच्यात तुमचीही होती, इथे बसलेल्यांपैकी दोघांची. मी त्यांच्याकडे बघणार नाही, मला बोलता यायचं नाही.

मग चौकशी झाली. अहवाल डॉक्टरांनी लिहिला, कारण करमणुकीच्या जागांबद्दल त्यांच्याइतकं जाणकार कोण? कुंपणानेच शेत खाल्लं तर कुंपणालाच विचारायचं, शेत कुठे गेलं. त्या अहवालातली दोन वाक्यं मला तोंडपाठ आहेत. पहिलं असं की, मागचं दार उघडं असूनही घाबरलेल्या मुलांना ते सापडलं नाही. दुसरं असं की, आग लागल्यावरही ध्वनिचालक अधिकाऱ्यांना सलामी देण्यात मग्न होता.

मग्न. माझा नवरा मग्न होता.

नाफेरने चौकशीत सगळं सांगितलं. साखळीचं सांगितलं, सलामीचा अर्थ सांगितला. डॉक्टर त्याच्याशी फार मायेने बोलले. म्हणाले, "नाफेर, मुला, तुझं दुःख मी समजतो. पण तू म्हणतोस तसं आणखी कोण म्हणतं?"

आणि मग तुम्हाला बोलावलं. एकेकाला. तुम्ही काय म्हणालात ते मला परत सांगायला लावू नका. साखळी? कसली साखळी? मागचं दार कायम उघडंच असतं, सेन्योर. खोटं नाही बोलत, तेव्हा मला डॉक्टरांपेक्षा तुमचा जास्त राग आला होता. नाफेर बाजारात गेला की पोरं मागून ओरडायची, जागा करा, जागा करा. मुलगी जळत होती आणि बाप साहेबाला सलाम ठोकत होता, हे आपल्या गावाने त्याच्याबद्दल ठरवून टाकलं. त्याने पुन्हा माईक हातात धरला नाही. घरातही हळूच बोलायचा. दोन वर्षांत गेला. डॉक्टर प्रेतयात्रेला आले होते. टोपी काढून उभे होते.

त्याच्या मातीवरून परतले आणि तुमच्या संघटनेत अर्ज केला. लोक म्हणाले, एदिल्सा सावरली. डॉक्टर म्हणाले, आयुष्य पुढे जायलाच हवं, मुली. गुळाने मरत असेल तर विष कशाला, असं माझी आई म्हणायची. मी गूळच दिला. संघटनेच्या प्रत्येक सभेला सांकोचो मी केला. डॉक्टरांना लिंबू जास्त लागतं, वाडगा मातीचाच लागतो, हे मला त्यांच्या सौभाग्यवतींइतकं पाठ झालं. नवी नियमावली आली आणि तुम्ही बोंबा मारल्यात की माणसं मोजून आत घेतली तर धंदा बुडेल, तेव्हा तुमच्या वतीने गोड बोलून ती मंजूर कुणी करून घेतली? मीच. त्यातलं एक कलम तुमच्यापैकी कुणी नीट वाचलं नाही. दाराला साखळी सापडली, तर मालक, कार्यक्रम भरवणारा आणि परवान्यावर सही करणारा अधिकारी, तिघेही जबाबदार. अधिकारी निवृत्त झाला तरी.

लोक अशा वेळी न्याय वगैरे शब्द वापरतात. मी वापरणार नाही. मला सूड हवा होता. झोपताना हवा होता, उठताना हवा होता, कसावा सोलताना हवा होता. आणि डॉक्टर, तो मला तुमच्या कचेरीत नको होता, कोर्टात नको होता. तुमचं कौतुक ऐकायला सगळं गाव जमेल तिथे हवा होता.

आता आजची गोष्ट. समारंभ याच सभागृहात करू हा आग्रह माझा. डॉन आदाल्बेर्तोंना वाटलं, वहिनी माया करते. गल्लीच्या तोंडाशी अंड्याच्या अरेपा तळणारी डोन्या मिंता बसते, तिथे आज दुपारपासून दोन गिऱ्हाइकं अरेपा खात बसली आहेत. एक माझी भाची नैला. दुसरे अग्निशमन दलाचे कॅप्टन दे ला ओस, साध्या कपड्यांत. नव्या नियमानुसार त्यांना कधीही, न सांगता, तपासणी करता येते. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं, कॅप्टन, या सभागृहाच्या मागच्या दाराकडे तोंड करून बसा आणि गाणी ऐका.

तुम्ही सगळे येऊन बसलात. पंखे सुरू झाले, व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या. निम्मी बिरादरी इथे, बायकापोरांसकट. आणि तुमच्या पाठीमागच्या दाराला बाहेरून साखळी होती. आज! निरोप समारंभाला! इथे कोण फुकट घुसणार होतं, डॉन आदाल्बेर्तो? पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि आपल्याकडे ती वीस पोरं मेल्यावरही गेली नाही.

मग डॉक्टर आले. नाफेरचा आवाज घुमला. आणि गल्लीतला माणूस स्टुलावरून उठला, कुलूप काढलं, साखळी आतल्या खिळ्याला अडकवली आणि दार सताड उघडलं. कॅप्टनांनी त्याला विचारलं, का रे बाबा, आताच का उघडलंस? तो बिचारा काय म्हणाला माहीत आहे?

"म्हणजे काय? डॉक्टर आले ना."

नैलाने आत येऊन मला हे सांगितलं तेव्हा महापौर दीप लावत होत्या. सात वर्षं तुमच्यापैकी कुणी खरी साक्ष दिली नाही. आज ती या सभागृहानेच दिली.

डॉक्टर, आता तुम्ही म्हणाल, ते नोकरांचं काम, मला काय ठाऊक? चौकशीतही हेच म्हणाला होतात, की साखळी नावाची वस्तू मी कधी पाहिली नाही. म्हणून एक साधा प्रश्न विचारते. तुमची टोपी कुठे आहे?

शोधू नका, खुर्चीखाली नाही. तुम्ही आलात तेव्हा डोक्यावर होती. सलामी झाली, हस्तांदोलनं झाली, आणि व्यासपीठावर येण्याआधी नेहमीप्रमाणे तुम्ही मागे गेलात, पातेल्याचं झाकण उचललंत, वास घेतलात. वाफेने टोपी ओलसर होते म्हणून ती काढून खिळ्याला अडकवलीत. गावातल्या प्रत्येक सभागृहात तुम्ही ती तिथेच अडकवता. साखळीवर.

मंडळी, मागे वळून पाहा. ते कॅप्टन दे ला ओस आत येताहेत. वाट द्या त्यांना. जसं होतं तसंच आणा असं मी सांगितलं होतं, साखळी आणि वर टोपी. या कॅप्टन, पेटी रिकामीच आहे. मघापासून सगळे विचारत होते ना, आत काय आहे? सकाळी काहीच नव्हतं. डॉक्टरांनी तीस वर्षांत जे कमावलं ते डॉक्टरांनीच आणून द्यायचं होतं.

महापौर, आपल्या शेजारच्या तबकात नगराचं पदक आहे. ते कुणाच्या छातीवर लावायचं तो आपला अधिकार. मी फक्त दोन मागण्या करते. अहवालातली ती दोन वाक्यं पुसून टाका. माझ्या मुलीला दार सापडलं होतं. ती दाराशीच सापडली, पिवळा घागरा मीच ओळखला, हात फळीवर होते. आणि माझा नवरा सलाम ठोकत नव्हता, तो दार ठोठावत होता. त्याच्याकडे जेवढा आवाज होता तेवढ्याने ठोठावत होता.

डॉक्टर, उठू नका. तुमच्या सौभाग्यवतींना मी दुखावलं असेल तर त्यांची मनापासून माफी मागते, त्यांचा यात दोष नाही. तुमची मागणार नाही. आणि तुम्ही, समोरचे भाऊबंद, उद्या माझं अध्यक्षपद काढून घ्याल. खुशाल घ्या. पण आज घरी जाऊन आपापल्या मागच्या दाराकडे बघा, कारण कॅप्टनांना अरेपा आवडल्या आहेत आणि ते आता प्रत्येक गल्लीत बसणार आहेत.

नाफेर, सात वर्षं लागली. तुझ्या आवाजाने दार उघडलं.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल महापौरांचे आभार. सभागृह फुकट दिल्याबद्दल डॉन आदाल्बेर्तोंचे आभार, ते बंद झाल्यावरही मी हे विसरणार नाही. पिकोवाल्याचे आभार, त्याने रेकॉर्ड वेळेवर लावली. भाषणाच्या शेवटी काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला असं म्हणतात. माझी विनंती वेगळी आहे. इतकी वर्षं तुम्ही फार पोटात घातलंत, आज घालू नका. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर मात्र क्षमा असावी.

सांकोचो मागे वाढलाय. जेवून सगळ्यांनी मागच्याच दाराने बाहेर पडा. सोळा वर्षांच्या पोरीला ते धुरातही सापडलं होतं.